सासऱ्याला हात न लावता

रेस्टी नासूनाने तिसाव्या वर्षी, तीन पोरं पदरात असताना, फिजिओथेरपीच्या पदवीला नाव घातलं तेव्हा आमच्या किकोंगे गावात ते कुणाच्या डोक्यातच शिरेना. डॉक्टर होणार का? नाही. नर्स? तेही नाही. मग काय, तर चार वर्षं शिकून लोकांचे हातपाय हलवणार. "म्हणजे मालिशवाली," असं तिची चुलत जाऊ म्हणाली आणि गावाने ते नाव उचलून धरलं. रेस्टीने ते कधी खोडून काढलं नाही. ती भांडखोर नव्हतीच. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि मग स्वतःला जे करायचं तेच करायची. माझ्या मते अशी माणसं भांडखोरांपेक्षा जड जातात.

तिची थोरली, माटिल्डा, जन्मली तीच दोन्ही पावलं आत वळलेली. रेस्टी तिला पाठीशी बांधून दर गुरुवारी भाड्याच्या मोटारसायकलवर मसाका शहराच्या दवाखान्यात न्यायची. तिथला फिजिओथेरपिस्ट पोरीचं पाऊल दोन्ही हातांत धरून हळूहळू वळवायचा आणि प्लास्टर घालायचा. पुढच्या गुरुवारी ते सोडून आणखी थोडं वळवायचा, पुन्हा प्लास्टर. ना कापाकाप, ना गोळी. सातव्या प्लास्टरनंतर पावलं सरळ झाली. बाकीच्या आया देवाचे आभार मानत घरी गेल्या. रेस्टीने त्या माणसाला विचारलं, "हे शिकायला काय लागतं?"

"विज्ञान घेऊन बारावी."

"आणि मग?"

"आणि मग चार वर्षं."

तिची शाळा दहावीलाच सुटली होती. घरचं सगळं करून बारावी व्हायला तिला पाच वर्षं लागली, विद्यापीठात जागा मिळायला आणखी एक. विद्यापीठ पश्चिमेला, बसने तीन तास. ती सोमवारी जायची, शुक्रवारी परत यायची. पहिल्याच वर्षी शरीररचनेत नापास झाली. तेव्हा तिने नवऱ्याला चटईवर पालथं घातलं आणि खडूने त्याच्या पाठीवर एकेक स्नायू काढायला बसली. आन्सेल्म प्राथमिक शाळेत मास्तर, स्वभावाने मऊ. तो खडूच्या गुदगुल्यांनी हसायचा, मग झोपायचा. पोरं बापाच्या पाठीवरची नावं मोठ्याने वाचायची. दुसऱ्या खेपेला ती पास झाली, आणि वर्गात शरीररचना तिच्याइतकी कुणालाच येत नव्हती.

तिसरं वर्ष संपत आलं आणि मे महिन्यात सासरा पडला.

आलोझियो सेमवांगा म्हणजे झाडाच्या सालीचं कापड करणारा म्हातारा. साल सोलायची, भिजवायची आणि लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून पातळ करायची, हे त्याने पन्नास वर्षं केलेलं. उजवा दंड केळीच्या बुंध्याएवढा. सुनेच्या शिक्षणाला त्याने कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अर्धांगाच्या झटक्याने त्याची उजवी बाजू गेली. दोन आठवडे मसाक्याला ठेवून दवाखान्याने त्याला घरी पाठवलं, कारण खाट दुसऱ्या कुणाला हवी होती.

तो घरी आला त्याच रविवारी भाऊबंद फणसाखाली जमले. सासू कधीच गेलेली. म्हाताऱ्याचं अंग पुसायला, त्याला उचलायला-बसवायला त्याची बहीण आपोलोनिया आत्या आली होती, पण तिला स्वतःचा कॉफीचा मळा होता. घराला बाई हवी. कुळातला वडील माणूस किगोझी, त्याने दोन वाक्यांत निकाल लावला. "घरात माणूस आडवा पडलाय आणि सून बसने शाळेत जाते, हे आमच्यात कधी झालं नाही. तिने आता घरी राहायचं."

आता यातली गंमत अशी, की ज्या माणसासाठी तिने पदवी सोडायची, त्याला शिवायचीही तिला मुभा नव्हती. आमच्यात सासरा आणि सून एकमेकांना शिवत नाहीत. एका बाकावर बसत नाहीत, हातातून हातात वस्तू देत नाहीत. शिवलं तर ओबुको लागतो. हात थरथरायला लागतात आणि मरेपर्यंत थांबत नाहीत. शिकलेलेही हे मानतात, रोज चर्चला जाणारेही मानतात. रेस्टीने परीक्षेत थरथरण्याच्या कारणांवर तीन पानं लिहिली होती, त्यात सुनेचा कुठे उल्लेख नव्हता. तरी लग्नाला चौदा वर्षं होऊन तिने सासऱ्याच्या हातात साधा कप दिला नव्हता.

ती चटईच्या कडेला गुडघे टेकून बसली होती. म्हणाली, "कॉलेज ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं. आठ आठवडे आहेत. तोवर मामंजी स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत गेले तर मी जाईन. नाही गेले तर नाव काढून घेईन आणि पुन्हा तो विषय काढणार नाही."

"हात न लावता उभं करणार?" किगोझीने विचारलं.

"हात न लावता."

दोघेतिघे हसले. किगोझीने लगेच होकार दिला. एकदा आठ आठवडे गेले की ही कटकट कायमची मिटणार, असा त्याचा हिशोब होता. दारातून हे सगळं ऐकत पडलेल्या म्हाताऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रेस्टी कामाला लागली. आत्या भावाला लुळ्या हाताला धरून ओढून बसवायची. रेस्टीने ते दारातून पाहिलं.

"आत्याबाई, तो हात ओढू नका. खांदा निखळेल."

"मी त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेय. मला शिकवतेस?"

"तेव्हा त्यांचा खांदा धड होता."

आत्याने तोंड वाकडं केलं, पण हात सोडला. मग घरात रोज एक तमाशा सुरू झाला. अंगणात चटईवर आन्सेल्म आडवा व्हायचा आणि रेस्टी त्याच्यावर करून दाखवायची: कुशीवर कसं वळवायचं, कमरेला कुठे धरायचं, पाय खाली कसे सोडायचे. आत्या उघड्या दारातून बघायची आणि आत भावावर तसंच करायची. आन्सेल्म मध्येच मदत करायला जायचा, तर रेस्टी ओरडायची, "तुझी उजवी बाजू गेलीये. गप पडून राहा." आत्या आतून म्हणायची, "याची तर डावीही गेलीये, सकाळपासून एक लाकूड फोडलं नाही याने." म्हातारा तेव्हा पहिल्यांदा हसला. अर्ध्या तोंडाने का होईना.

पण दोन आठवडे झाले तरी तो बसायच्या पुढे सरकेना. बसवलं तर ठोकळ्यासारखा डाव्या अंगावर टेकून बसायचा. रेस्टीने वह्या काढल्या, पुस्तकं चाळली, मसाक्याच्या त्या जुन्या फिजिओथेरपिस्टला फोन केला. सगळीकडे तेच उत्तर, आणि ते सगळं ती करत होती. मग तिने वह्या मिटल्या आणि एक अख्खा दिवस केळीची पानं चिरत, दाराकडे तोंड करून बसली. नुसती बघत.

तिला दिसलं ते इतकं रोजचं होतं, की दिसायला दोन आठवडे लागले. आमच्यात पुरुषाला काही द्यायचं तर बाई गुडघे टेकून देते. चहा, पाणी, हात धुवायचं भांडं, वाफवलेल्या केळ्याचं ताट, सगळं गुडघ्यांवर बसून अगदी पुढ्यात आणि डाव्या, धड हातापाशी. म्हातारा आजारी, म्हणून सगळ्यांनी मान आणखी वाढवला होता. नातीसुद्धा कप त्याच्या बोटांना टेकवून देत होत्या. दिवसभरात त्या माणसाला एकदाही कशाकडे वाकावं लागत नव्हतं. त्याला प्रेमाने आणि मानाने जागच्या जागी खिळवून ठेवलं होतं.

गुडघे टेकू नका, असं सांगायची सोय नव्हती. तसं सांगितलं असतं तर आत्याने तिला त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं. तिने फक्त जागा बदलली.

"आजपासून सगळं उजवीकडून द्यायचं," तिने आत्याला आणि पोरींना सांगितलं. "गुडघे टेका, मान खाली घाला, सगळं नेहमीसारखं. फक्त एक हात लांब."

"आजाऱ्याला ताटकळवायचं?" आत्या म्हणाली.

"मान देताना थोडं अंतर राखलं तर काय बिघडलं, आत्याबाई?"

पहिल्या दिवशी चहा सांडला. दुसऱ्या दिवशीही सांडला, आणि म्हाताऱ्याने जड जिभेने ज्या शिव्या दिल्या त्यातला एकेक शब्द स्पष्ट होता. रेस्टी दाराबाहेर उभी राहून खूश झाली, कारण महिन्याभरात तो इतकं नीट बोलला नव्हता. चौथ्या आठवड्यात तो उजव्या कुशीवर भार देऊन कपापर्यंत पोचायला लागला. पोरींनी अंतर रोज चार बोटं वाढवलं. त्यांना तो खेळ वाटत होता.

मग तिने स्वतःचं नमन कामाला लावलं. सून रोज सकाळी गुडघे टेकून सासऱ्याला विचारते, रात्र कशी गेली. मग तो विचारतो, मग ती, असं बराच वेळ चालतं, आणि समोरच्याने सुरू केलेलं नमन अर्धवट टाकणं हा आमच्यात उघड अपमान. आजवर ती उंबऱ्यापाशी बसायची. आता ती उंबऱ्याच्या बाहेर बसली. दोन दिवसांनी पायरीखाली. मग अंगणात, जिथून त्याला ती दिसायचीच नाही. वडीलधाऱ्या माणसाने घरातून ओरडून उत्तर देणं शोभत नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी म्हातारा डाव्या हातात काठी आणि उजवीकडे आत्या, असा दारात येऊन उभा राहिला. घामाने निथळत होता.

"तू रोज लांब लांब का जातेस?" त्याने विचारलं.

"जमीन ओली असते, मामंजी. कोरडी जागा बघते."

म्हाताऱ्याने अंगणाकडे पाहिलं. पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता.

"शेळीला चारा दाखवून ओढतात तसं ओढतेस मला."

"रात्र कशी गेली, मामंजी?"

"बरी गेली," तो म्हणाला, आणि बाकीचं सगळं नमन उभ्याने पुरं केलं.

संडास मागे केळीच्या रांगांपलीकडे. दारापासून एकतीस पावलं. सातव्या आठवड्यात आत्याला धरून तो निम्म्यावर जायला लागला. आठव्या आठवड्यात आत्याचा हात सुटला, नुसती काठी. कॉलेजला चार दिवस उरले तेव्हा, गुरुवारी सकाळी, रेस्टी केळीच्या पहिल्या रांगेपाशी गुडघे टेकून बसली होती आणि म्हातारा तिच्या रोखाने येत होता. आत्या चुलीवरचा चहा उतू गेला म्हणून आत पळाली. चोविसाव्या पावलाला त्याचा उजवा पाय थडथड उडायला लागला आणि गुडघा दुमडला.

रेस्टीने विचार केला नाही. तीन वर्षं तिच्या हातांना एकच गोष्ट शिकवली होती. ती उठली, स्वतःचा गुडघा त्याच्या गुडघ्याला आडवा लावला, दोन्ही हातांनी त्याची कंबर कवटाळली आणि छातीचा भार छातीवर घेतला. दवाखान्यात असं रोज दहादा होतं. इथे सून सासऱ्याला भर अंगणात मिठी मारून उभी होती, आणि रस्त्यावरून चर्चच्या दोन बायका येत होत्या.

आत्या बाहेर आली ती किंचाळलीच. म्हाताऱ्याला आत नेऊन निजवलं. त्याचा उजवा हात पांघरुणावर थरथरत होता. त्याने तो वर धरून बघितला आणि म्हणाला, "लागला." मग भिंतीकडे तोंड केलं. दुपारपर्यंत किकोंगेत ज्याला त्याला हे माहीत झालं होतं.

रेस्टीने आत्याला दाराबाहेरून सांगितलं, की झोपी गेलेले स्नायू जागे होताना असे उडतात, हे चांगलं लक्षण आहे. आत्याने दार लावून घेतलं. शुक्रवारी रेस्टी अंगणात शेंगदाणे कुटत बसली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. कारण उखळापाशी बसल्या बसल्या तिच्या मनात येऊन गेलं, की खरंच माझ्यामुळे लागला असेल तर? तीन पानं लिहिली होती तिने. ती सगळी एका क्षणात पुसून गेली होती. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"किगोझी उद्या येतायत," आन्सेल्म म्हणाला. "माफी मागून टाक. एवढंच म्हण, की चूक झाली."

"चूक झाली नाही. पडले असते तर खुबा मोडला असता आणि मग कधीच उठले नसते."

"म्हणायला काय जातं?"

"उद्या पुन्हा पडायला लागले तर पुन्हा धरीन. मग चूक झाली असं कोणत्या तोंडाने म्हणू?"

शनिवारी सगळे पुन्हा फणसाखाली. या वेळी कुणी हसलं नाही. किगोझीने विचारलं, "संडासापर्यंत गेला का तो?"

"नाही गेले," रेस्टी म्हणाली. "सात पावलं राहिली. मी बोलले होते, ते झालं नाही. सोमवारी मी कॉलेजला पत्र पाठवते." आन्सेल्म मान खाली घालून चटईची काडी उपटत राहिला.

तेवढ्यात आतून आवाज आला. "मला विचारलंत का कुणी?"

दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला म्हातारा उठून बसला होता. कुणी उठवलं नव्हतं. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, अगदी आन्सेल्मने चटईवर शंभरदा केलं तसं. उघड्या दारातून तो सगळ्यांना दिसत होता.

"किगोझी, मला ओबुको लागलाय ना?"

"लागलाय. दिसतोय."

"तो दुसऱ्यांदा लागतो का?"

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. असला प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता. किगोझी म्हणाला, "एकदाच लागतो. मग राहतो."

"म्हणजे आता भ्यायचं काही उरलं नाही. दोन दिवस मी हाच विचार करतोय. परवा तिने धरलं तेव्हा या दोन महिन्यांत पहिल्यांदा मी नीट उभा होतो. तुम्ही मला पोत्यासारखं ओढता. सूनबाई, आत ये. तुझे ते हात जिथे लावायचे असतात तिथे लाव."

रेस्टी जागेवरून हलेना. परक्या शंभर माणसांना तिने हात लावला होता, आणि या एका माणसाच्या कमरेला हात लावायला तिची बोटं वळेनात. आत्याने तिला मागून ढकललं. "जा ना. आता काय सोवळं राहिलंय?"

ती आत गेली. एक हात कमरेला, एक पाठीला. तो उठला. दोघं दारातून बाहेर आले तेव्हा फणसाखालचे पुरुष जमिनीकडे बघत होते, आणि चटई वाटेत होती म्हणून त्यांच्यातल्या दोघांनी ती ओढून बाजूला घेतली. अर्ध्या वाटेत पाय पुन्हा उडायला लागला. "टाच दाबा, मामंजी. खाली दाबा. थांबेल." त्याने टाच दाबली. थांबलं. म्हाताऱ्याने पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पुढचं पाऊल टाकलं. एकतीस पावलं झाली. तो आत गेला, दार लावून घेतलं, आणि आम्ही सगळे बाहेर ताटकळत उभे. परत येताना त्याने कमरेवरचा तिचा हात बाजूला केला आणि नुसत्या काठीवर फणसापर्यंत आला.

"झाली का अट पुरी?" त्याने विचारलं.

"स्वतःच्या पायांनी, अशी अट होती," किगोझी म्हणाला. हार मानायचा त्याचा स्वभाव नाही. "जाताना तिने धरलं होतं."

"धरलं होतं. पण पाय कुणाचे होते?"

आत्याने सगळ्यांना चहा आणला.

म्हातारा खुर्चीवर बसला. त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. त्याने तो डाव्या हाताने दाबून धरला.

"सूनबाई, हे तू लावलंयस. तेव्हा हे थांबवायचंही तूच शिकून यायचं. सोमवारची बस पकड."

"एक वर्ष लागेल, मामंजी."

"वर्षभर मी थरथरतो. तू नापास मात्र होऊ नकोस."